कागदाचा प्रवास आणि आपला वाटा

मुसलमानांनी जगाला काय दिले, असा विषय निघाला की आपल्याकडे एक यादी तयार असते. बीजगणित, शून्य, कागद, होकायंत्र, रुग्णालय, कॉफी. सीरतच्या जलशात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, ईदच्या विशेषांकात आणि अलीकडे समाजमाध्यमांतही ही यादी फिरत असते. ती ऐकताना छाती फुगते हे खरे. पण तिच्यातले एकेक नाव तपासू लागले की अडचण होते. शून्य भारतीयांचे. होकायंत्र चिन्यांचे. कागदही चिन्यांचाच. मग समोरचा कोणीतरी उठतो आणि म्हणतो, म्हणजे तुमचे स्वतःचे काहीच नाही, सगळे उसनवारीचे!

यादी करणारा आणि तिची टर उडवणारा, दोघांचीही समजूत एकच असते. कोणत्याही शोधावर एखाद्या जमातीचा सात-बारा असतो, असे दोघेही धरून चालतात. इतिहास असा चालत नाही. वस्तू एका ठिकाणी जन्मते, दुसऱ्या ठिकाणी वाढते, तिसऱ्या ठिकाणी तिला नवे काम मिळते. यादीतल्या इतर नावांचा विचार पुन्हा केव्हातरी करू. येथे आम्ही फक्त कागदाचा प्रवास मांडणार आहोत, कारण तो समरकंद-बगदादवरून निघून थेट आपल्या दौलताबादच्या घाटापर्यंत येतो, आणि त्यात आपला खरा वाटा किती हे त्यावरून नेमके सांगता येते.

कागदापूर्वी

कागद नव्हता तेव्हा माणूस हाताशी येईल त्यावर लिहीत होता. इजिप्तमध्ये नाईलकाठच्या लव्हाळ्यापासून पपायरस होत असे. पश्चिम आशियात आणि युरोपात जनावरांच्या कातड्याचे चर्मपत्र वापरात होते. आपल्याकडे उत्तरेत भूर्जपत्र आणि दक्षिणेत ताडपत्र होते. हजरत अबू बकर (रजि.) यांच्या खिलाफतीत हजरत झैद बिन साबित (रजि.) यांनी कुरआन एकत्र करण्याचे काम अंगावर घेतले, तेव्हा त्यांच्यासमोर होते ते खजुराच्या झावळ्यांचे देठ, पातळ दगड, कातड्याचे तुकडे, जनावरांच्या खांद्याची रुंद हाडे आणि ज्यांना कलाम पाठ होता अशा माणसांच्या स्मृती. कुरआनच्या सूरह अनआममध्ये 'किर्तास' हा शब्द येतो, तो आजच्या कागदासाठी नाही. त्या काळच्या लिहिण्याच्या पानासाठी आहे. कागद अरबस्तानात तेव्हा पोहोचलेलाच नव्हता.

चर्मपत्र टिकाऊ होते, पण महाग होते. एका मेंढीच्या कातड्यातून मोजकीच पाने निघत. मोठ्या आकाराचा एक मुसहफ लिहायचा तर शेकडो जनावरांचे कातडे लागे. अशा परिस्थितीत पुस्तक हे मशिदीचे, दरबाराचे किंवा श्रीमंताचे असणार, हे उघड आहे. ज्या धर्माची पहिली वही वाचण्याविषयी आणि कलमेविषयी बोलते, त्या धर्माच्या सामान्य अनुयायाला पुस्तक परवडत नव्हते. ही अडचण कागदाने दूर केली.

चीनमधून समरकंदला

कागदाचा शोध चिनी परंपरेत इ. स. १०५ या वर्षी हान दरबारातील त्साय लुन या अधिकाऱ्याच्या नावावर आहे. झाडाची साल, ताग, चिंध्या आणि मासे धरण्याची जुनी जाळी कुटून त्याने कागद केला, असे सांगतात. उत्खननात त्याच्याही आधीचे, इसवी सनापूर्वीचे कागदाचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे त्साय लुनने शोध लावण्यापेक्षा चालत आलेले तंत्र सुधारून दरबारापुढे ठेवले, असे म्हणणे अधिक बरोबर. पहिला मान चीनमध्येसुद्धा एका माणसाला देता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

पुढची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली आहे. ७५१ साली (हिजरी १३३) तलास नदीकाठी अब्बासी फौज आणि चीनच्या तांग घराण्याची फौज यांच्यात लढाई झाली. चिनी कैदी समरकंदला आणले गेले, त्यांच्यात कागद करणारे कारागीर होते आणि त्यांनी मुसलमानांना ही विद्या शिकवली. ही हकीगत सालिबी या अकराव्या शतकातील लेखकाने दिली आहे, म्हणजे लढाईनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. कथा सुटसुटीत आहे आणि तिच्यात आपला विजयही आहे, म्हणून ती लोकप्रिय झाली.

पुरावे मात्र निराळे बोलतात. तलासला पकडला गेलेला दू हुआन नावाचा चिनी गृहस्थ पुढे मायदेशी परतला आणि त्याने आपला वृत्तान्त लिहिला. अरबांच्या मुलखात दिसलेल्या चिनी विणकरांचा आणि चित्रकारांचा त्याने उल्लेख केला आहे. कागद करणाऱ्यांचा नाही. दुसरे असे की, समरकंदच्या सोग्दी व्यापाऱ्यांची चौथ्या शतकातील कागदावर लिहिलेली पत्रे १९०७ साली ऑरेल स्टाईन यांना चीनच्या सीमेवरील दुनहुआंगजवळ सापडली. बौद्ध भिक्षू आणि हे व्यापारी कागद घेऊन मध्य आशियात शेकडो वर्षे ये-जा करीत होते. म्हणून आजचे अभ्यासक असे मानतात की, कागद मध्य आशियात आधीच आलेला होता, आणि हा प्रदेश इस्लामी राज्यात आल्यावर तो पश्चिमेकडे सरकला. तलवारीच्या विजयापेक्षा व्यापाऱ्यांच्या तांड्यांचा आणि भिक्षूंच्या झोळीचा वाटा मोठा होता. हे मान्य करण्यात आपला काहीच कमीपणा नाही.

बगदादने काय केले?

आपला खरा वाटा येथून सुरू होतो. ७६२ साली खलिफा मन्सूर याने बगदाद वसवले. राज्य सिंधपासून उत्तर आफ्रिकेपर्यंत पसरलेले. महसूल, फौजेचे पगार, टपाल, न्याय, सगळ्यांचे दिवाण म्हणजे खाती वेगवेगळी, आणि प्रत्येक खात्याला लिहिण्याची गरज. हारून रशीदच्या कारकिर्दीत, आठव्या शतकाच्या अखेरीस, बगदादमध्ये कागदाचा कारखाना निघाला. सरकारी कामात कागद आणण्याचे श्रेय इब्न खल्दून याने बरमकी घराण्यातील वजीर फजल बिन याह्या याला दिले आहे. हे बरमकी मूळचे बल्खचे, बौद्ध विहाराच्या प्रमुखांच्या वंशातले. कागदाला पसंती मिळण्याचे आणखी एक कारण व्यवहारी होते. चर्मपत्रावरचे अक्षर खरवडून तेथे दुसरे लिहिता येते. कागदात शाई मुरते, खाडाखोड लपत नाही. बनावट दस्तऐवजांना आळा घालण्यासाठी कारकुनांना कागद सोयीचा वाटला.

कचेरीसाठी आलेला हा कागद बाजारात उतरला, आणि तेथे एक नवा व्यवसाय उभा राहिला. त्याचे नाव वर्राक. वर्राक कागद विकी, पुस्तकांच्या नकला करी, जिल्द बांधी आणि पुस्तकेही विकी. कागदवाला, नक्कलनवीस, बुकबाइंडर, प्रकाशक आणि ग्रंथविक्रेता एकाच दुकानात बसलेला. नवव्या शतकातील याकूबी याने लिहून ठेवले आहे की, बगदादच्या एका भागात वर्राकांची शंभरावर दुकाने होती. जाहिज हा मोठा लेखक गरीब घरातला. तो ही दुकाने रात्रीपुरती भाड्याने घेई आणि आत बसून वाचत राही, असे सांगतात. ज्याला पुस्तक विकत घेता येत नाही त्याने वाचावे कसे, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते.

याच व्यवसायातला इब्न नदीम. त्याने ९८७-८८ साली 'अल-फिहरिस्त' हा ग्रंथ लिहिला. अरबीत उपलब्ध असलेल्या पुस्तकांची ही विषयवार सूची. तीत कुरआनविद्या, व्याकरण, कविता, फिकह आहेच. शिवाय ग्रीकांचे तत्त्वज्ञान, वैद्यक, किमया, कथा-कहाण्या, ज्यू, ख्रिस्ती, मानीपंथी आणि हिंदुस्थानचे धर्मपंथ यांचीही नोंद आहे. आपल्या दुकानात येणारे कोणतेही पुस्तक त्याला परके वाटले नाही.

कागदाने विचार करण्याची रीतही बदलली. हिंदी अंकांनी केलेले गणित पूर्वी धुळीच्या पाटीवर मांडले जाई. आकडे पुसत पुसत पुढे जायचे आणि शेवटी फक्त उत्तर उरायचे. दमास्कसच्या उक्लिदिसी याने ९५२ साली अंकगणितावर पुस्तक लिहिले आणि हेच गणित शाई व कागदावर, न पुसता कसे करावे हे दाखवले. आता गणिताची प्रत्येक पायरी समोर राहू लागली, चूक शोधता येऊ लागली. भारताचे अंक आणि चीनचा कागद यांची गाठ दमास्कसमध्ये पडली. आज आपली मुले शाळेत वहीवर गणित करतात, ती पद्धत या गाठीतून आलेली आहे. यात शोध एकट्या अरबांचा नाही. पण ही गाठ त्यांनी मारली.

पश्चिमेकडे आणि परत

बगदादमधून कागद शाम, मिसर, फेज असा करीत अंदलूसला पोहोचला. शातिबा या गावच्या कागदाला जोड नाही, असे भूगोलकार इद्रीसी याने १२व्या शतकाच्या मध्यात नोंदवले. युरोपला प्रथम त्याचा भरवसा वाटेना. १२३१ साली सम्राट दुसरा फ्रेडरिक याने सरकारी दस्तऐवज कागदावर लिहिण्यास मनाई केली. पण त्याच शतकात इटलीतील फाब्रियानो गावात पाणचक्कीवर कागद होऊ लागला आणि तेथील कारागिरांनी अरबी तंत्रात सुधारणा केल्या. आपण दुकानात जो 'रीम' मागतो तो शब्द अरबी 'रिज्मा' म्हणजे गठ्ठा. तो स्पेनवरून इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून आपल्याकडे परतला.

चौदाव्या शतकापर्यंत प्रवाह उलटा झाला. इटलीचा स्वस्त कागद उत्तर आफ्रिकेच्या बाजारात आला. त्यात उजेडात धरले की दिसणारी चिन्हे असत, कधी कधी क्रूसही असे. असा कागद वापरावा का, कुरआन त्यावर लिहावा का, असा प्रश्न उभा राहिला. तिलिमसानचे फकीह इब्न मरजूक यांनी १४०९ साली त्यावर सविस्तर फतवा दिला आणि हा कागद वापरणे जायज ठरवले. हा फतवा आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. परक्याच्या हातची वस्तू तिच्या उपयोगावरून पारखावी, ही समज आपल्या आलिमांत होती.

मात्र छपाईच्या बाबतीत ही समज टिकली नाही. खरे तर इजिप्तमध्ये दहाव्या शतकापासून ठशांनी दुआ-तावीज छापले जात होते, पण त्याचे पुस्तक झाले नाही. १४५५च्या सुमारास गुटेनबर्गने बायबल छापले. १४९३ साली इस्तंबूलमध्ये ज्यू निर्वासितांनी आपला छापखाना काढला. मुसलमानांसाठी तुर्की पुस्तके छापण्याची परवानगी मिळाली १७२७ साली, इब्राहीम मुतेफेर्रिका याला, आणि तीही धार्मिक ग्रंथ वगळून. पहिले पुस्तक निघाले १७२९ साली. त्याच्या हयातीत अवघी १७ पुस्तके छापली गेली. आपल्याकडेही वेगळे घडले नाही. गोव्यात १५५६ साली छापखाना आला. १५८० साली जेजुइट पाद्र्यांनी अकबराला छापील बायबलचे खंड भेट दिले. बादशहाने ते आदराने घेतले. पण मोगल दरबारात हस्तलिखितच चालू राहिले. सुलेखनाची आवड, कातिबांचा रोजगार, आधीच हाताशी असलेले स्वस्त नकलाकार, अरबी लिपीचे जोडअक्षरी वळण, अशी कारणे अभ्यासक देतात. कारणे काहीही असोत, त्या दोन-अडीचशे वर्षांत युरोपातले पुस्तक स्वस्त होत गेले आणि आपले महागच राहिले. ज्यांनी जगाला कागदावर आणले, त्यांनी कागदाच्या पुढच्या पायरीवर पाऊल ठेवायला उशीर केला. यादी वाचताना हा उशीरही वाचला पाहिजे.

दौलताबादचा कागद

आता आपल्या घराकडे येऊ. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने देवगिरीला राजधानी केली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. दिल्लीहून दरबार आला, सूफी आले, कारकून आले आणि त्यांच्याबरोबर कागदी आले, अशी परंपरा आहे. दौलताबाद आणि खुलदाबाद यांच्यामधल्या गावाचे नावच कागजीपुरा. हे गाव आजच्या छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात आहे. पुढे जुन्नर, नाशिक, एरंडोल येथेही मुसलमान कागद्यांची वस्ती झाली. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे.

काम कष्टाचे होते. चिंध्या, जुनी तरटे आणि दोरखंडे भिजत घालायची, चुन्यात मुरवायची, पायाने चालणाऱ्या लाकडी ढेंकीखाली कुटायची, वाहत्या पाण्यात धुवायची. लगदा पाण्याच्या हौदात सोडून गवताच्या काड्यांच्या चटईने पातळ थर उचलायचा. थर दाबून पाणी काढायचे आणि भिंतीला चिकटवून वाळवायचा. मग खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटला नाही तर बोरूची शाई फुटते. हे सगळे झाल्यावर एक ताव तयार होई.

या तावांवर काय लिहिले गेले? निजामशाहीची आणि आदिलशाहीची फर्माने, मराठ्यांची पत्रे, बखरी, पोथ्या, कुळकर्ण्यांची दफ्तरे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. मराठ्यांचा इतिहास ज्या कागदांवरून लिहिला गेला, त्यांतला मोठा भाग हातकागदाचा आहे, आणि दख्खनचा हातकागद करणारे हात मुख्यतः मुसलमान कागद्यांचे होते. त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. लिहिणाऱ्याचे नाव राहते, लिहवून घेणाऱ्याचे राहते. ज्यावर लिहिले ते करणाऱ्याचे राहत नाही.

त्यांची खूण भाषेत मात्र राहिली आहे. कागद हा शब्द फारसी, आणि फारसीतही तो सोग्दी बोलीतून आला असे मानतात. दौत अरबी. शाई म्हणजे फारसी सियाही, काळेपणा. मसुदा हाही अरबीतल्या काळेपणाच्या धातूवरून आला. खाडाखोडीने काळा झालेला तो मसुदा. चोवीस तावांचा दस्ता हा फारसी 'दस्त' म्हणजे हातावरून. दफ्तर आणि कलम हे शब्द तर अरबीने ग्रीकांकडून घेतले आणि फारसीमार्गे आपल्याला दिले. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले गेले. तरी कागद, कलम आणि दौत मराठीच्या तोंडून गेले नाहीत. ते मराठीच झाले होते. मराठी मुसलमानाची भाषा कोणती, असे आजही कधी कधी विचारले जाते. ज्या भाषेत कागदाला कागदच म्हणतात, तिच्यात आम्ही पाहुणे नाही, एवढे उत्तर पुरे.

कागद नसेल तर

१९व्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणीचा स्वस्त कागद आला. तुरुंगांतही कैद्यांकडून कागद करून घेतला जाऊ लागला. कागद्यांचा धंदा बसला. १९३४ साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला, त्यात हातकागदाला जागा मिळाली. १९४०मध्ये पुण्यात हातकागदाची संस्था उभी राहिली. कागजीपुऱ्यातले काम थोड्या प्रमाणात तगून राहिले. पण बहुतेक कागदी दुसऱ्या धंद्यांत पांगले.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १८५८ साली मुन्शी नवलकिशोर यांनी लखनौला छापखाना काढला आणि कुरआन, हदीस, फिकह यांच्या स्वस्त शिळाछाप प्रती घरोघर पोहोचवल्या. मुसलमान कागद्याच्या तावावर हिंदूंची पोथी लिहिली गेली आणि हिंदू मुन्शीच्या छापखान्यात मुसलमानांचा कुरआन छापला गेला. कागदाच्या बाबतीत या देशात हिशेब असा फिटलेला आहे.

कागद केला म्हणजे तो सांभाळलाही, असे मात्र होत नाही. १८५२च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसले. काझी, खतीब, मुल्ला, मुजावर, तसेच देशमुख, जोशी, देवस्थाने, सर्वांना सनदा दाखवा असे सांगण्यात आले. ज्यांच्याजवळ कागद नव्हता, वाळवीने खाल्ला होता किंवा वाचता येत नव्हता, त्यांपैकी अनेकांची इनामे गेली. २०१९-२० साली नागरिकत्वाच्या प्रश्नावरून देशभर आंदोलने झाली, तेव्हा 'कागद' हा शब्द पुन्हा घरोघर पोहोचला. आजोबांच्या पेट्या उघडल्या गेल्या. कोणाच्या नावात फरक, कोणाची तारीख चुकलेली, कोणाची सनद मोडीत, आणि मोडी वाचणारा गावात कोणी नाही.

म्हणून आम्हांला वाटते, यादी पाठ करण्यापेक्षा तीन कामे आधी करावीत. घरातले, मशिदीचे, दर्ग्याचे, वक्फचे जुने कागद कोरड्या जागी ठेवून त्यांच्या प्रती काढाव्यात. प्रत्येक तालुक्यात आपल्यातली दोन-चार मुले-मुली मोडी आणि फारसी वाचायला शिकतील असे पाहावे. ही विद्या शिकवणारे महाराष्ट्रात आजही आहेत. आणि मोहल्ल्यात जाहिजच्या उपयोगाची एक जागा असावी, जेथे पुस्तक विकत घेऊ न शकणाऱ्या पोराला रात्री बसून वाचता येईल. तिच्यात इब्न नदीमच्या यादीसारखी सगळ्यांची पुस्तके असावीत.

कागद आपण शोधला नाही. आपण तो चिन्यांचा आणि सोग्द्यांचा घेतला, स्वस्त केला, बाजारात आणला, त्यावर हिंदी आकडे मांडले, ग्रीकांची पुस्तके उतरवली आणि तो पुढे दिला. एक हजार वर्षे हे काम ज्यांनी केले, त्यांत आपल्या कागजीपुऱ्याचे निनावी कागदीही आहेत. पहिला मान त्यांनी कधी मागितला नाही. ताव गुळगुळीत आहे ना, शाई फुटत नाही ना, एवढेच ते पाहत होते. पुढचे लिहिणे त्यांनी दुसऱ्यांवर सोपवले होते. त्या दुसऱ्यांत आता आपण आहोत.